लिलावाच्या दुसऱ्या दिवशी

आयपीएलचा लिलाव असतो त्या दिवशी आमच्या ऑफिसात फारसं काम होत नाही. एका खिडकीत कोड आणि दुसऱ्या खिडकीत लिलाव. कुणाला किती कोटी मिळाले यावर लोक एवढ्या तावातावाने बोलतात की जणू त्यांचंच अप्रेझल चाललंय. हे सगळं मजेचं आहे, माझीही काही तक्रार नाही. पण एक प्रश्न त्या गडबडीत कोणीच विचारत नाही. मूळ किमतीला, म्हणजे वीस-तीस लाखाला उचललेला तो एकोणीस वर्षांचा पोरगा, लिलावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकं काय करतो? आयपीएल दोन-अडीच महिने. उरलेल्या दहा महिन्यांत त्याचा खेळ कोण घडवतो? आणि तो घडलाच नाही तर त्याचं पुढे काय?

या प्रश्नाचं सगळ्यात सविस्तर उत्तर आपल्याकडे नाही, अमेरिकेत आहे, आणि तेही बेसबॉलमध्ये. आता 'बेसबॉल' म्हटल्यावर अर्ध्या वाचकांनी टॅब बंद केला असेल :) पण थांबा जरा. खेळाचे नियम माहीत असायची काही गरज नाही. मला बोलायचंय ते त्यांच्या कारखान्याबद्दल.

तर त्यांच्याकडे लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. १९६५ पासून दर वर्षी होतो. शाळा-कॉलेजातली होतकरू पोरं एका यादीत आणि तीस क्लब रांगेत. ज्याचा नंबर लागेल त्याने एक मुलगा निवडायचा. साधारणपणे गेल्या मोसमात तळाला राहिलेल्यांना आधी संधी. मुलाला क्लब निवडता येत नाही, क्लब मुलाला निवडतो. पूर्वी या ड्राफ्टच्या चाळीस फेऱ्या व्हायच्या (त्याच्याही आधी याहून जास्त), २०२१ पासून वीस होतात. म्हणजे आजही दर वर्षी सहाशेच्या वर पोरं निवडली जातात.

आणि गंमत म्हणजे यातला जवळजवळ कोणीच लगेच मुख्य संघात खेळत नाही. पहिल्या नंबरचा मुलगासुद्धा नाही. त्याला आधी खाली पाठवतात, मायनर लीगमध्ये. तिथे पायऱ्या आहेत: अगदी खाली रूकी, मग सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए, आणि सगळ्यात वर मेजर लीग. रूकीच्या वरच्या चारही पायऱ्यांवर प्रत्येक क्लबचा एकेक संघ असतो. म्हणजे तीस क्लबांचे मिळून १२० संघ, लहान लहान गावांतून, बसने फिरत, उन्हाळाभर जवळजवळ रोज सामने खेळत. आपल्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपमेंट, टेस्टिंग, स्टेजिंग आणि मग प्रॉडक्शन. कॉलेजातून आलेल्या फ्रेशरला थेट प्रॉडक्शन सर्व्हरचा पासवर्ड देत नाहीत, तसंच.

एवढ्या पायऱ्या कशाला? कारण प्रत्येक पायरीवर पोराचा एकेक कच्चा दुवा उघडा पडतो. कॉलेजात अ‍ॅल्युमिनियमची बॅट चालते, इथे लाकडी घ्यावी लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटीवर चुकीच्या जागी लागलेला चेंडूही लांब जातो, लाकडी बॅट तुटून हातात येते. शाळेत ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू टाकणारा महिन्यातून एखादा भेटतो, इथे रोज. त्या वेगाची सवय होते न होते तोवर डबल ए मध्ये असे गोलंदाज भेटतात जे तोच वेग दाखवून मध्येच वळणारा चेंडू टाकतात. अनेकांची गाडी नेमकी याच पायरीवर अडते. प्रत्येक पायरीवर आधी आपटायचं, मग शिकायचं आणि वर जायचं. चांगल्या पोरालाही यात तीन-चार वर्षं सहज जातात.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मायनर लीगमध्ये संघ हरला तरी चालतं. प्रेक्षक असतात, स्कोअरबोर्ड असतो, पण क्लबला खालच्या संघाच्या ट्रॉफीत फारसा रस नसतो. कोच पोराला सांगू शकतो की पुढचा महिनाभर फक्त हा नवा चेंडू टाकायचा, मार खाल्ला तरी. मुख्य संघात ही चैन कोणालाच परवडत नाही. तिथे रोजच रिलीज असतो. हरायची मुभा असलेली खरी मॅच ही शिकण्यासाठीची सगळ्यात दुर्मिळ वस्तू आहे. नेटमध्ये ती मिळत नाही, कारण तिथे काही पणाला लागलेलं नसतं, आणि फायनलमध्ये सगळंच पणाला लागलेलं असतं.

याला ते लोक 'फार्म सिस्टिम' म्हणतात. शेती! १९२० च्या दशकात ब्रँच रिकी नावाच्या माणसाने सेंट लुईस कार्डिनल्ससाठी ही पद्धत बसवली. त्याच्या क्लबकडे तयार खेळाडू विकत घ्यायला श्रीमंत क्लबांएवढा पैसा नव्हता, म्हणून त्याने छोटे छोटे संघच हाताशी धरले आणि खेळाडू पिकवायला सुरुवात केली. आता मी मूळचा पोखर्णीचा. परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागणारं नृसिंहाचं गाव, परळी लाइनवर स्टेशनच्या पाटीवरही देवाचं नाव आहे. आमच्याकडे शेतीची उपमा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. नुसतं बियाणं महागाचं आणलं म्हणून कापूस येत नाही हे चौथीतलं पोरगंही सांगेल.

आणि बियाण्याचंच बोलायचं तर या पायऱ्या परभणीला नव्या नाहीत. आमच्या कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये 'परभणी क्रांती' नावाची भेंडी आणली. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला टक्कर देणारी ही भेंडी एका रानटी भाऊबंदाशी संकर करून केली होती. ती पुढे देशभर लागली. पण कोणताही वाण प्रयोगशाळेतून उठून थेट शेतकऱ्याच्या हातात पडत नाही. आधी विद्यापीठाच्या वाफ्यात, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या केंद्रांवर, वेगवेगळ्या जमिनीत आणि पावसात, काही वर्षं चाचण्या, आणि मग प्रसारण. भेंडीसाठी आपण एवढं करतो. पोरांसाठी करत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

निवड किती फसवी असते याचे बेसबॉलमधले दाखले तर गमतीचे आहेत. १९९१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजनी पहिल्या नंबरवर ब्रायन टेलर नावाचा गोलंदाज उचलला, साडेपंधरा लाख डॉलर मोजले. दोन वर्षांनी त्याचा खांदा दुखावला (मैदानात नव्हे, मारामारीत!) आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना न खेळता संपला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, बाकी सगळं संपत आल्यावर, ६२ व्या फेरीत लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी माइक पियाझा नावाचा मुलगा घेतला. तोही ओळखीखातर, कारण संघाचा मॅनेजर त्याच्या वडिलांचा दोस्त होता. त्याला खाली पाठवलं, जागा बदलून यष्टिरक्षकासारखं काम शिकवलं, आणि पुढे ४२७ होमरन मारून तो २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि २०१३ चा पहिल्या नंबरचा मार्क अ‍ॅपेल? तो २०१८ मध्ये कंटाळून खेळ सोडून गेला, २०२१ मध्ये परत आला आणि २०२२ च्या जूनमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा मेजर लीगच्या मैदानात उतरला. निवडणाऱ्यांकडे जगातले सगळे स्टॉपवॉच आणि कॅमेरे आहेत, तरी ही अवस्था. म्हणजे निवड हा अंदाज आहे. तो खरा ठरवायला किंवा खोटा पाडायला खाली वर्षानुवर्षं चालणारी यंत्रणा लागते.

आपल्या दोन पोरांनीही हा जिना चढून पाहिलाय. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' नावाच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग (क्रिकेटवाला रिंकू नव्हे) आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. हातात कधी बेसबॉल न धरलेली ही पोरं. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. २०१४ मध्ये त्यावर डिस्नेचा सिनेमा आला. सिनेमाची मुख्य गोष्ट करार मिळाला की संपते. खरी गोष्ट तिथून सुरू झाली. दिनेशला २०१० मध्ये क्लबने मोकळं केलं. रिंकू सिंगल ए पर्यंत चढला, मग कोपराची दुखणी, शस्त्रक्रिया, आणि शेवटी तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. करार होतो त्या क्षणाला सिनेमा संपवायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. लिलावही तसाच एक सिनेमा.

आता आपल्या घरी येऊ.

ऋतुराज गायकवाडला चेन्नईने २०१८ च्या डिसेंबरमध्ये वीस लाखाला घेतलं. २०१९ च्या मोसमात एकही सामना नाही. २०२० मध्ये पहिल्या तीन डावांत ०, ५ आणि ०. सोशल मीडियावर लोकांनी त्याचं श्राद्ध उरकलं होतं. मग पुढच्या तीन डावांत तीन अर्धशतकं, आणि २०२१ मध्ये ६३५ धावा करून ऑरेंज कॅप. याचं श्रेय लोक चेन्नईच्या धीराला देतात आणि ते बरोबरच आहे. पण एक पायरी आपण विसरतो. हा मुलगा तेरा-चौदाव्या वर्षापासून पिंपरी-चिंचवडच्या वेंगसरकर अकादमीत होता. म्हणजे घरापासून रोज जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर टर्फ विकेट, कोच आणि सामने. नंतरचे सगळे जिने त्या पहिल्या पायरीवर उभे आहेत.

दुसरा यशस्वी जैस्वाल. आझाद मैदानावरच्या तंबूची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती सोडून देतो. राजस्थान रॉयल्सनी त्याला २०१९ च्या डिसेंबरमध्ये २ कोटी ४० लाखाला घेतलं. २०२० मध्ये तीन सामने, चाळीस धावा. नंतर जे झालं ते कमी लोकांना माहीत असतं. राजस्थानने नागपूरजवळ तळेगावला स्वतःचं केंद्र उभं केलंय. मोसम नसताना पोरांना तिथे नेऊन एकेका फटक्यावर काम करून घेतात. यशस्वी तिथे दिवसेंदिवस राहिला. २०२३ मध्ये ६२५ धावा आणि तेरा चेंडूंत अर्धशतक. नाव राजस्थानचं, खेळाडू मुंबईचा, शेत विदर्भातलं! आपल्याकडच्या फ्रँचायझींत फार्म सिस्टिमच्या सगळ्यात जवळ जाणारं काही पाहायचं असेल तर ते हे. पण यातही मोठी मेख आहे. तिथे सराव आहे, सामने नाहीत. रॉयल्सचा दुसरा संघ कुठल्या खालच्या लीगमध्ये मोसमभर खेळत नाही, कारण अशी लीगच नाही.

ती नसल्यामुळे काय होतं? आमच्या मराठवाड्याचा राजवर्धन हंगर्गेकर घ्या. तुळजापूरचा, उंचापुरा, वेगवान. २०२२ चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. त्याच फेब्रुवारीत चेन्नईने दीड कोटीला घेतलं. तो अख्खा मोसम बाकावर. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात अहमदाबादला गुजरातविरुद्ध तीन बळी, पुढच्या सामन्यानंतर पुन्हा बाकावर. २०२४ च्या लिलावात लखनौने त्याला तीस लाखाला घेतलं. मी चेन्नईला दोष देत नाही. पहिल्या चार संघांत यायची मारामारी चालू असताना एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला वाइड टाकायला परवानगी कोण देणार? कोचचा नाइलाज असतो. पण हाच मुलगा बेसबॉलमध्ये असता तर त्या बाकावरच्या मोसमात डबल ए मध्ये कुठेतरी पन्नास-साठ सामन्यांचा अनुभव घेऊन मोकळा झाला असता. हारून, मार खाऊन, शिकून. बाकावर बसून यॉर्कर सुधारत नाही.

"अरे पण रणजी आहे की, मुश्ताक अली आहे." आहे, मान्य. पण ती राज्य संघटनांची आहे. तिथला कोच वेगळा, त्याची गरज वेगळी, आणि त्यालाही सामना जिंकायचाच आहे. शिवाय महाराष्ट्राच्या संघात अकरा जागा आणि दावेदार पुण्यापासून नांदेडपर्यंतचे. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने तिथे शतक ठोकलं, त्याच वर्षी लखनौने त्याला घेतलं. पण ती दोन-तीन आठवड्यांची स्पर्धा आहे. ती खिडकी आहे, जिना नव्हे. खिडकीतून आधीच तयार झालेला पोरगा दिसतो, नवीन तयार होत नाही.

आता कबड्डी. इथे मात्र आपल्याकडचं उदाहरण खरोखर अभिमानाचं आहे, आणि ते पुण्यात आहे. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली. तिथेही लिलाव आहेच, पण एक जास्तीचा दरवाजा आहे. नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर, चाचण्या घेऊन, कराराने घेता येतं. पुणेरी पलटणने हा दरवाजा मनापासून वापरला. 'युवा पलटण' नावाने तरुणांचा वेगळा गट बांधला, त्यांना लहान स्पर्धांतून खेळवलं. पंकज मोहिते, मोहित गोयत, अस्लम इनामदार, आकाश शिंदे ही नावं याच दरवाजातून आली. नगर जिल्ह्यातल्या साध्या घरातला अस्लम २०२१-२२ च्या मोसमात नवखा म्हणून आला आणि दहाव्या मोसमात त्याच संघाचा कर्णधार झाला. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सना २८-२५ हरवून पलटणने पहिल्यांदा करंडक उचलला.

इथे कोणीतरी म्हणेल की त्याच संघात मोहम्मदरझा शादलूईही होता, २ कोटी ३५ लाख मोजून आणलेला. बरोबर आहे. इराणच्या त्या पहिलवानाशिवाय पलटण जिंकली असती असं मी म्हणत नाही. पण तो पैसा त्याच्यावर ओतता आला कारण बाकीच्या जागा घरच्या, स्वस्तात घडवलेल्या पोरांनी भरल्या होत्या. हाच तर रिकीचा हिशोब. आणि हेही सांगतो की पुढच्या, अकराव्या मोसमात हीच पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. तरी त्यांनी घर मोडून नवीन बाजार केला नाही. २०२५ मध्ये अस्लमच्याच नेतृत्वाखाली पुन्हा अंतिम सामना खेळले (दिल्लीकडून हरले, असो). शेती करणारा एक हंगाम बुडाला म्हणून जमीन विकत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी अमेरिकन पद्धतीचा प्रचारक झालोय. तसं नाहीये. त्या कारखान्याची मागची बाजू फार घाण होती. १२० संघ भरायला हजारो पोरं लागतात, पण वर जागा किती? तीस क्लबांचे सव्वीस-सव्वीस खेळाडू, म्हणजे आठशेच्या आत. बहुतेक पोरं कधीच वर जाणार नसतात आणि क्लबला ते माहीतही असतं. मग त्यांना ठेवतात कशाला? कारण दोन होतकरूंना खेळवायचं तर बाकीचे सोळा लागतात. आणि या सोळांना अनेक वर्षं अक्षरशः किमान वेतनाहून कमी पैसे दिले जायचे. २०१८ मध्ये तर त्यांना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळायला अमेरिकेच्या संसदेने खास तरतूद केली. सिंगल ए च्या पोराला वर्षाला सुमारे ११ हजार डॉलर. एका फ्लॅटमध्ये सहा-सहा जण, जमिनीवर गाद्या. शेवटी २०२२ मध्ये त्यांची संघटना झाली आणि २०२३ च्या करारात तोच आकडा २६,२०० वर गेला, ट्रिपल ए चा १७,५०० वरून ३५,८०० वर. राहायची सोय क्लबने करायची असं ठरलं. म्हणजे जिना पक्का व्हायला शंभर वर्षं लागली, आणि तोही आपोआप नाही झाला, भांडून झाला.

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतोय, कारण मला खरी काळजी याच सोळांची आहे.

आमच्याकडे एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. कुठेच जमलं नाही तर परभणी आहेच, असा तिचा हसण्यावारी अर्थ. बाहेरचे लोक चेष्टेत म्हणतात, आम्हीही म्हणतो. पण खेळणाऱ्या पोराच्या बाबतीत ती म्हण चेष्टा राहत नाही. माझ्या बरोबरचा एक चढाईपटू होता. नाव नको. मातीवर त्याला धरणं अवघड होतं, बोनस तर तो झोपेतही काढायचा. गावोगावच्या स्पर्धांत बक्षिसाच्या रकमा, दोन-चार ट्रॉफ्या, आणि एकदा चाचणीला गेला तर तिथे मॅट. आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर, नवे बूट घालून. मातीवर पाय घसरवून वळायची सवय, मॅटवर पाय रुततो. दहा मिनिटांत घरी. त्या दहा मिनिटांत त्याच्यात काय नव्हतं ते दिसलं, काय होतं ते दिसायला दोन महिने मॅट लागली असती. नंतर पोलीस भरतीच्या दोन खेपा झाल्या, वय गेलं. आज त्याच्या पोराला तो मैदानाजवळ फिरकू देत नाही. हे नुकसान कबड्डीचं किती झालं मला सांगता येणार नाही. पण गावातल्या एका पिढीला त्याच्याकडे बघून जे कळलं ते भयंकर आहे: खेळ म्हणजे वेळ वाया.

पूर्वी याला आपल्याकडे एक देशी उपाय होता, आणि तो अमेरिकेपेक्षा चांगला होता असं माझं मत आहे. मुंबईचा जुना जिना आठवा. शाळेत गाइल्स आणि हॅरिस शील्ड, पावसाळ्यात कांगा लीग (१९४८ पासून), आणि नोकरीला लागलात की टाइम्स शील्ड. फेब्रुवारी १९८८ मधली सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी हॅरिस शील्डमधलीच. पण त्या जिन्यातली सगळ्यात हुशार पायरी टाइम्स शील्डची होती. टाटा, मफतलाल, निरलॉन, स्टेट बँक या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. गावसकर निरलॉनमध्ये होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच संघात असेही होते जे कधीच रणजी खेळले नाहीत. त्यांना महिन्याचा पगार होता, पेन्शन होतं, पोरीच्या लग्नात सांगता येईल असा हुद्दा होता. कबड्डीत हेच काम रेल्वे, पोलीस, बँका आणि तेल कंपन्यांनी केलं. जो वर गेला तो गेला, जो राहिला तोही रस्त्यावर आला नाही. त्यामुळे आईबाप पोराला मैदानावर पाठवायचे. अशा कायमच्या नोकऱ्या आता आटत चालल्यात, बऱ्याच ठिकाणी करार आणि मानधन आलंय. वरच्या दोन-तीनशे पोरांसाठी कोटींचे आकडे आले आणि खालच्या हजारोंच्या पायाखालची फळी निघून गेली. आपण फक्त पहिला भाग टीव्हीवर पाहतो.

मग करायचं काय? मी काही क्रीडामंत्री नाही, शनिवारी सकाळी चहा पीत लिहिणारा आयटीवाला आहे. पण तीन गोष्टी मला अगदी करण्यासारख्या वाटतात.

एक, फ्रँचायझींना दुसरा संघ सक्तीचा करा, आणि तो मोठ्या शहरात नको. प्रत्येक प्रो कबड्डी संघाचा एक तरुणांचा संघ वर्षातले सहा महिने जिल्ह्याच्या गावांतून लीग खेळो. परभणी, नांदेड, लातूर, बीड, बसने तीन-चार तासांत सगळं येतं. कबड्डीला टर्फ लागत नाही, एक मॅट लागते आणि ती गुंडाळून टेम्पोत घालता येते. बेसबॉलच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. आणि आमच्याकडे प्रेक्षकांचा प्रश्न नाही, जत्रेत कुस्त्यांना किती माणूस लोटतं ते येऊन बघा.

दोन, करारातच शिक्षणाचा पैसा घाला. अमेरिकेत ड्राफ्ट झालेल्या मुलाच्या करारात पुढे कॉलेजला परत जायचा खर्च लिहून घेता येतो. खेळ सुटला की क्लब फी भरतो. आपल्याकडे अठराव्या वर्षी निवडलेल्या पोराची बारावीच अर्धवट राहते. निवड झाली नाही तरी आयटीआय, डिप्लोमा, बी.पी.एड., काहीतरी पूर्ण करायचा खर्च संघाकडून. कोटींच्या उलाढालीत हा आकडा शोधायला भिंग लागेल.

तीन, बांधून ठेवलंत तर सोडायची तारीखही ठरवा. बेसबॉलचा क्लब पोराला सहा-सात वर्षं धरून ठेवू शकतो, हे मला अजिबात पटत नाही. पण त्यांच्याकडे एक चांगला नियम आहे: चार-पाच वर्षं राबवलं आणि तरी मुख्य यादीत घेतलं नाही, तर डिसेंबरात दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. १९५४ मध्ये याच वाटेने पायरेट्सनी डॉजर्सकडून रोबर्टो क्लेमेंटे नेला, आणि तो त्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू झाला. गोदामात माल सडवता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यावर नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे. "ज्याच्यात दम असतो तो वर येतोच." बीडचा सचिन धस आलाच ना? २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ वरून ९६ धावा करून त्याने भारताला बाहेर काढलं. आला, आणि आम्ही सगळे नाचलो. पण हे वाक्य म्हणजे फक्त जिवंत आलेल्यांना मोजून युद्ध सुरक्षित होतं असं ठरवणं आहे. जो आला नाही त्याची बातमी येत नाही. आपल्या धंद्यात असं कोणी केलं, म्हणजे यशस्वी रिक्वेस्ट मोजल्या आणि फेल झालेल्यांचा लॉगच ठेवला नाही, तर पहिल्याच रिव्ह्यूमध्ये त्याला उभा चिरतील.

आणि आयटीवाल्यांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. आपल्यातले कितीजण कॉलेजातून निघाले तेव्हा कोड लिहायला लायक होते? कंपनीने कॅम्पसमध्ये घाऊक भरती केली, काही महिने ट्रेनिंगला बसवलं, मग बेंचवर ठेवलं, मग एखाद्या बिनमहत्त्वाच्या प्रोजेक्टवर चुका करायला सोडलं, आणि या सगळ्या काळात पगार दिला. ती आपली मायनर लीग होती. परभणी-नांदेडची मराठी माध्यमाची शेकडो पोरं त्या जिन्याने वर आली आणि आज हिंजवडीत गाडीचे हप्ते भरतायत. त्यांच्यात दम होता, पण त्यांना दहा मिनिटांत घरी पाठवलं असतं तर तो कोणाला कळला असता?

पुढच्या लिलावात कोणाला किती मिळाले ते जरूर बघा, मीही बघणारच आहे. फक्त मूळ किमतीला गेलेल्या एखाद्या पोराचं नाव कागदावर लिहून ठेवा, आणि वर्षभराने शोधा की मधल्या काळात त्याला किती सामने खेळायला मिळाले. धावा, बळी नकोत, नुसते सामने मोजा. तो आकडा पुरेसा बोलका असेल.